ताम्रदुर्गाचा सातवा भाग

हिंदुरावांनी चहाची बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि सांगून टाकलं, "सोनमनं पोरीला घिऊन वैरागला जावं. म्हायेरला. हवाबदल व्हईल. उद्याच्याला सकाळी धाची गाडी सांगितली हाय मी."

सांगून टाकलं, विचारलं नाही. हिंदुराव हे रंभाबाईंचे धाकटे भाऊ, वळसंगचे. पंधरा वर्षांपूर्वी रंभाबाईंचा नवरा गेला, तेव्हापासून या घरात काही अडलं की मामांना फोन जायचा. मामा यायचे, घरातल्या एकुलत्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि निकाल द्यायचे. तो बरोबर निघाला की चूक, हे बघायला ते कधी थांबले नाहीत. त्यांना चारची एसटी असायची.

आतल्या खोलीत भाकरी थापणाऱ्या सोनमचा हात थांबला. हा रविवार कशासाठी आहे हे तिला सकाळीच कळलं होतं. धाकटा दीर आदिनाथ काल पुण्याहून आला, मामासासरे वळसंगहून आले आणि तिला कोणी काहीच विचारलं नाही, तेव्हाच. आरोहीला, तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, बुधवारी दवाखान्यातून घरी आणलं होतं. पाच दिवस नाकात नळी, तोंडावर वाफेचा मास्क. आठ महिन्यांतली ही तिसरी खेप. आणि आता सगळ्यांनी मिळून त्यावर इलाज शोधला होता, तो म्हणजे सोनमला घराबाहेर काढायचं.

पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली. "माज्या भावाच्या घरात चार शेरडं हायती, मामा. दाराच्या आत बांधत्यात. तितं कसली हवा?"

"शेरडाच्या वाऱ्यानं कुनी मरत न्हाय. आमी त्यातच वाढलो की."

"आन् शाळा?"

"शाळा तितं बी हाय."

"किती दिवसांसाटी?"

हिंदुरावांनी भाच्याकडं पाहिलं. शिवराज, रंभाबाईंचा थोरला, सोनमचा नवरा. चादरीच्या कारखान्यात बारा तास उभा राहणारा हा माणूस घरात मात्र पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. "बरं वाटंपातूर," मामाच म्हणाले.

सोनमला कळायचं ते कळलं. बरं वाटेपर्यंत म्हणून माहेरी धाडलेल्या बायका तिनं पाहिल्या होत्या. याच गल्लीतल्या दोघी अजून परत आलेल्या नव्हत्या. "आत्या," ती सासूला म्हणाली, "तुमी तरी बोला की."

रंभाबाईंनी उंबऱ्यावर बसलेल्या नातीकडं पाहिलं.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर छतापर्यंत पुस्तकं होती. घरकुलातलं दोन खोल्यांचं घर, त्यातल्या बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत पुस्तकांनी खाल्लेली. चारशेबारा. सगळी एकाच जातीची. राक्षस, जादूगार, बोलणारी झाडं, पाताळातल्या नगऱ्या. मंगळवार बाजारात रद्दीवाल्यापुढं उकिडवं बसून रंभाबाई एवढंच विचारायच्या, "जादू हाय का ह्यात?" सासू-सुनेची गोष्ट निघाली की पुस्तक खाली ठेवायच्या. "ते घरात हाय की फुकट," म्हणायच्या.

शिकल्या होत्या चौथीपर्यंत, वळसंगच्या शाळेत. वेड लागलं ते विड्या वळताना. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हापासून पस्तीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या. दुपारी त्यांच्या दारापुढं आठ-नऊ बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या आणि रंभाबाई मोठ्यानं वाचायच्या. वाचणारीचे हात अडकलेले, म्हणजे तिचं काम बुडालं. म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्यातली पंचवीस विड्यांची एक जुडी रंभाबाईंच्या सुपात टाकायची. हे कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी कधी चुकवलंही नव्हतं. शेजारची गुरम्मा अक्कलकोटकडची. तिला मराठी अक्षर ओळखू यायचं नाही, पण राक्षस मेला त्या दिवशी ती दोन जुड्या टाकायची.

सगळ्यांत लाडकं पुस्तक म्हणजे 'ताम्रदुर्ग'. त्याचे सात भाग. तरंगिणी नावाच्या एका मुलीची सावली तांब्याच्या किल्ल्यात कोंडून ठेवलेली असते आणि ती सोडवायला ती एकटी निघते. रंभाबाईंना सहा भाग मिळाले, सातवा मिळेना. एकोणीस वर्षं मिळेना. गुरम्मा दर मंगळवारी विचारायची, "सावली सुटली काय गं?" आणि रंभाबाई पिशवी उलटी करून दाखवायच्या.

तो दोन महिन्यांपूर्वी सापडला. वैरागच्या बाजारात, सोनमच्या माहेरी बारशाला गेल्या होत्या तेव्हा. रंभाबाईंनी तो उघडलासुद्धा नाही. धान्याच्या डब्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला. कारण आता दुपारी बसायला बायका नव्हत्या, होती ती एक आरोही, आणि ती सहाव्या भागात होती. शेवट दोघींनी मिळून वाचायचा असं ठरलं होतं. एकोणीस वर्षं काढली, आणखी दोन महिन्यांनी काय बिघडतं?

आत्ताही पोरगी उंबऱ्यावर बसून तोच सहावा भाग वाचत होती. मोठी माणसं आपल्याबद्दल बोलताहेत हे तिला कळत होतं, म्हणून तिनं डोकं पानांत घातलं होतं. बोट जिभेला लावायची, पान उलटायची, आणि दर चार पानांनी पुस्तकाच्या मधल्या खाचेत नाक खुपसून वास घ्यायची. तिला तो वास आवडायचा. आजीचा वास येतो, म्हणायची. मग खोकायची.

रंभाबाईंनी तो खोकला मोजला. गेले नऊ दिवस त्या तो असाच मोजत होत्या.

पुस्तकांना कसर लागते. रद्दीतून आलेल्या पुस्तकांना तर लागलेलीच असते. त्यावर रंभाबाईंकडं औषध होतं, घरातलंच. विडीत भरतात तो जर्दा, तंबाखूची भुकटी. नवं पुस्तक आलं की त्याच्या पाठीच्या पोकळीत आणि दर वीस-पंचवीस पानांनी खाचेत चिमूट चिमूट जर्दा भरायचा. दर दिवाळीनंतर जुना झटकून ताजा भरायचा. चारशेबारा पुस्तकांत एकालाही भोक नव्हतं. बायकांपुढं त्या हे मिरवायच्या.

आठ महिन्यांपूर्वी आरोहीला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातली तंबाखू बंद करा. रंभाबाईंनी एका दिवसात बंद केली. पस्तीस वर्षांचं काम. सूप, कात्री, पानांचा गठ्ठा, सगळं गुरम्माकडं गेलं. बायकांची बैठकही तिकडं गेली. सोनमनं तीन दिवस भिंती धुतल्या. गल्ली म्हणाली, सासू असावी तर अशी. फक्त डब्यात पावशेर जर्दा उरला होता. आता यापुढं घरात जर्दा येणार नाही, मग पुस्तकांचं कसं होणार, या काळजीनं रंभाबाईंनी घरी कोणी नसताना तो सगळाच्या सगळा पुस्तकांत भरला. नेहमीच्या दुप्पट. शेवटचा म्हणून.

आणि शाळा बुडाली म्हणून पोरगी दिवसभर वाचत बसली.

हे रंभाबाईंच्या ध्यानात आलं ते नऊ दिवसांपूर्वी, दवाखान्याच्या बाकावर. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, "घरात अजून तंबाखू आहे का?" शिवराज म्हणाला, न्हाय. सोनम म्हणाली, कणभर न्हाय. रंभाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलल्या असत्या तर भिंत रिकामी झाली असती, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं. जुना जर्दा, त्याचा जोर गेला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नऊ दिवस सांगत राहिल्या.

"म्या बोलू का?" सोनम म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातावरचं पीठ वाळून गळायला लागलं होतं. "घरात कायतरी हाय. म्या आगरबत्ती बंद केली. फोडणी दारं उघडून देते. गोधड्या दर आठवड्याला उन्हात. तरी पोरगी घुसमटती. तवा पैलं ह्यास्नी इचारा, खिशात काय असतंय ते."

शिवराजनं मान वर केली. "माज्या खिशात?"

"मावा खाता तुमी. शर्टाला वास येतो."

"कारखान्यात खातो. घरी आनत न्हाय. पोरीची आण हाय."

"दादा, आण कशाला घेतो?" आदिनाथ मध्ये पडला. तो पुण्यात एका गोदामात सुपरवायझर होता आणि वर्षातून तीनदा येऊन घरातल्या सगळ्यांपेक्षा शहाणा असायचा. "खिसे दाखव, विषय संपला. आणि वैनी, तुमी पण उगा..."

"उगा? भावजी, तुमी पाच दिवसांत एकदा तरी दवाखान्यात आलासा का? फोन केला, झालं."

"मला सुट्टी नव्हती."

"पोरीला व्हती जनू."

शिवराजनं उठून खिसे उलटे केले. किल्ली, रुमाल, कारखान्याचा पास. मग त्याचं डोकंच फिरलं. त्यानं गादी ओढली, पत्र्याची पेटी उघडली, आईची लुगडी, पोरीचे फ्रॉक, सगळं जमिनीवर फेकलं. "शोधा. सगळ्यांनी शोधा. मावा सापडला तर मी जातो घर सोडून, तिला कशाला वैरागला धाडायचं?"

हे वाक्य त्यानं मोठ्यानं म्हटलं आणि म्हटल्यावर त्यालाच नवल वाटलं. मामांच्या निकालाला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आडवं लावलं होतं. सोनमनं नवऱ्याकडं नीट पाहिलं. तीन दिवस ती त्याच्यावर आतून जळत होती. ते थोडं खाली बसलं.

"शिवराज, खाली बस," हिंदुराव म्हणाले. "मी काय तिला हाकलत न्हाय. पन हितं पोरगी बरी व्हत न्हाय हे दिसतंय न्हवं? आईनं सांभाळलं पायजे पोरीला. आक्कानं धंदा सोडला तिच्यापायी. तुज्या बायकूनं चार दिवस म्हायेरला जायला काय झालं?"

"आत्यांनी सोडला, म्हनून मी जायाचं?"

"तसं कोन म्हनलं?"

"तुमीच म्हनला की आत्ता."

उंबऱ्यावर आरोहीला खोकल्याची उबळ आली. या वेळी ती थांबेना. पुस्तक मांडीवर पालथं पडलं, खांदे वर चढले, गळ्याखालची खळी आत ओढली जायला लागली. सोनम दम्याचा पंप घेऊन धावली. "सोड. आता वड. हळू." दोनदा, तीनदा. श्वासाची शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. मग ती हळूहळू बारीक झाली आणि पोरीनं आईच्या खांद्यावर मान टाकली.

"वैरागला नको मला," ती म्हणाली. "माझी शेवटची बारा पानं राहिलीत."

तिनं पुन्हा पुस्तकाकडं हात नेला.

"आरोही, हात लावू नगो त्याला," रंभाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. नातीला पुस्तकाला हात लावू नको असं रंभाबाई कधी म्हणाल्या नव्हत्या.

त्या उठल्या. दोरीवरचा धुतलेला पांढरा टॉवेल त्यांनी काढला आणि खोलीच्या मधोमध अंथरला. भिंतीतून ताम्रदुर्गाचा पहिला भाग काढला, दोन्ही पुठ्ठे मागं वळवून तो उलटा धरला आणि पाठीवर तळहातानं तीन थापा मारल्या. टॉवेलवर तपकिरी भुकटी पडली. आधी थोडी, मग चांगली वाटाण्याएवढी ढिगुळी झाली. आदिनाथला शिंक आली.

"जर्दा हाय," रंभाबाई म्हणाल्या. "समद्यात हाय. कसर लागू नये म्हनून."

सोनमनं पोरीला उचललं, दाराबाहेर नेऊन बसवलं आणि परत आली. "कधीपास्नं?"

"पैल्यापास्नं."

"आन् आठ म्हैन्यांमागं घर धुतलं तवा?"

"तवा उरलेला पावशेर ह्यात भरला."

"दवाखान्यात बाईनं इचारलं तवा तुमास्नी ठावं व्हतं?"

रंभाबाईंना खोटं बोलता आलं असतं. आत्ता कळलं म्हणाल्या असत्या तर कोणी शंका घेतली नसती, सोनमनंसुद्धा. पण नऊ दिवस त्या स्वतःशी खोटं बोलल्या होत्या, दहावा त्यांना नको होता. "व्हय," त्या म्हणाल्या. "ठावं व्हतं. पुस्तकं जातील म्हनून बोलले न्हाय."

सोनमनं टॉवेलची चार टोकं जुळवून भुकटीची गाठ मारली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं शिवराजला वाटलं. आई चुकू शकते हे त्याला माहीत होतं. आई त्याच्या लेकीच्या श्वासापुढं पुस्तकं ठेवेल हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. लहानपणी ताप आला की हीच बाई रात्ररात्र उशाशी बसून राक्षसांच्या गोष्टी सांगायची. त्यानं आईकडं बघायचं टाळलं.

गंमत म्हणजे आता रंभाबाईंची बाजू घेतली ती मामांनी. "जाऊ द्या. झालं ते झालं. पुस्तकं झटकून घिऊ, हाय काय आन् न्हाय काय."

"व्हॅक्यूमनं साफ होतात," आदिनाथ म्हणाला. ज्यानं आयुष्यात यातलं एक पुस्तक धड वाचलं नव्हतं, त्याला आज त्यांची माया आली. "आमच्या गोदामात मशीन आहे. आई, चारशे पुस्तकं जमवलीस तू. टाकायची नाहीत."

"मग तुमी न्या पुण्याला," सोनम म्हणाली.

आदिनाथची पुण्यातली खोली दहा बाय दहाची होती आणि त्याला दोन वर्षांचं पोर होतं.

"पुस्तकं माझ्या घरात ऱ्हाणार न्हाईत," सोनम म्हणाली. या घराला ती पहिल्यांदाच माझं म्हणाली आणि कोणी तिला अडवलं नाही. "झटकून न्हाय, पुसून न्हाय."

"गुरम्माच्या घरी ठेवू," शिवराज म्हणाला. "तितं तंबाखू हायच की."

"गुरम्माला नातू झालाय," रंभाबाई म्हणाल्या.

"शाळेला देऊ मग."

"शाळेत काय म्हातारी मानसं बसत्यात व्हय रे?" त्यांचा आवाज आता कोरडा होता. "कुनाला बी द्यायची न्हाईत. कुनाच्या बी घरात लेकरूच ती हातात घेनार. लेकरांचीच पुस्तकं हायती ती. आदिनाथ, रद्दीवाल्याला बोलाव. लगद्यालाच द्यायची म्हनून सांग. दुकानात इकायला ठिवलीस तर बघ म्हनावं."

रद्दीवाला दोन वाजता गाडा घेऊन आला. तोंडाला रुमाल बांधून शिवराज आणि आदिनाथ पोती भरत होते. पोरीला गुरम्माच्या थोरल्या जावेकडं, दोन गल्ल्या पलीकडं नेऊन ठेवलं होतं. गुरम्मा मात्र आली. दाराशी उभी राहून एकेक पोतं जाताना बघत राहिली. तिला पुस्तकांची नावं वाचता येत नव्हती, पण चित्रांवरून तिला सगळी ओळखू येत होती.

"तो पाण्यातला राजवाडा," ती म्हणाली. "ती दोन तोंडांची घोडी. अय्यो, ते बी?"

"ते बी," रंभाबाई म्हणाल्या.

चौदा पोती झाली. शेवटी भिंत निघाली, पिवळी पडलेली. आठ महिन्यांपूर्वी सोनमनं तीन दिवस घासूनही जिथं तिचा हात पोचला नव्हता ती. सोनम बादली घेऊन आली आणि धुवायला लागली. हिंदुरावांची चारची एसटी आज चुकली.

संध्याकाळी रंभाबाईंनी कडक पाण्यानं अंघोळ केली. केस शिकेकाईनं दोनदा धुतले. घासणीनं बोटं घासली, नखं कापली, घरातलं सगळ्यांत नवं लुगडं नेसल्या. आरोही परत आली होती आणि रिकाम्या भिंतीकडं बघत बसली होती. तिनं आकांत केला नाही. तेवढा श्वासच तिच्याकडं नव्हता. रंभाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. पोरीनं सवयीनं आजीच्या तळहातात नाक खुपसलं, वास घेतला, आणि खोकली.

एकदाच खोकली. पण सोनम आतल्या खोलीतून दारात आली होती, आणि दोघींची नजरानजर झाली.

पस्तीस वर्षं. आंघोळीनं जाणारं ते नव्हतं. रंभाबाईंनी आपला हात नाकाशी नेला. बोटांच्या पेरांत, तळहाताच्या भेगांत, चामडीच्या आत तो वास होता आणि साबणामुळं तो उलट जास्तच कळत होता. पोती भरून घराबाहेर घालवावं असं आता या घरात एकच काहीतरी उरलं होतं.

त्यांनी पोरीला अलगद खाली बसवलं. "हिंदुराव," त्या म्हणाल्या, "उद्याची गाडी सांगितलीया न्हवं? ती मोडू नगो. मी येते वळसंगला."

"चार दिवस ये की. येगळी गाडी कशाला, एसटीनं..."

"चार दिवस न्हाय."

हिंदुराव पहिल्यांदा निकालाशिवाय बसून राहिले. शिवराज म्हणाला, "आई, असं काय करती? डॉक्टरला इचारू. तुजं काय एवढं..." आणि मग त्यानं बायकोकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सोनमनं एक शब्द बोलायचा होता.

तो शब्द तिच्या तोंडात होता. नऊ वर्षांपूर्वी आरोहीच्या वेळी तिला कळा लागल्या तेव्हा याच बाईनं तिची पाठ चोळली होती. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या चुलत नणंदेला याच बाईनं दारातून परत धाडलं होतं. राहा म्हणायला काय लागतं? पण सोनमच्या कानात सकाळची शिट्टी अजून वाजत होती, आणि दवाखान्याच्या बाकावर मिटलेलं ते तोंडही तिला दिसत होतं. ती खाली वाकली आणि जर्द्याचा टॉवेल पाण्यात पिळायला लागली. बराच वेळ पिळत राहिली.

"आई, तुजी पिशवी कुटं हाय?" शेवटी शिवराजनं विचारलं.

सकाळी दहाला गाडी आली. रंभाबाईंनी लेकीसारखं निघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणजे रडायचं नाही. दारातून त्यांनी सोनमला हाक मारली. "धान्याच्या डब्यावर पिशवी हाय. गाठ मारल्याली. सातवा भाग. त्यात म्या काय भरल्यालं न्हाय, उघडला बी न्हाय. माज्याकडनं नगो, तूच काढ. झटकून बघ."

सोनमनं पिशवी उतरवली. दारातच, उजेडात, कोरडा टॉवेल अंथरला, पुस्तक उलटं धरलं आणि पाठीवर थापा मारल्या. एक, दोन, तीन. मग पान पान सोडून झटकलं. टॉवेल पांढराच राहिला. तिनं पुस्तकाच्या खाचेत नाक घालून वास घेतला.

"तीन दिवस उन्हात ठेवीन," ती म्हणाली. "मग देते तिला."

"दे."

"तुमी वाचलं न्हाय अजून?"

"तिला वाचू दे," रंभाबाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. आरोही खिडकीशी धावत आली तेव्हा त्यांनी काच वर केली. पोरगी काचेवर थापा मारत काहीतरी म्हणत होती. रंभाबाईंनी गाडी हलवायला सांगितलं.

वळसंगला हिंदुरावांच्या घरी त्यांना पडवीतली कॉट मिळाली. भावजय वाईट नव्हती. करायला काही नव्हतं. वाचायलाही नव्हतं. गावात कोणाकडं पुस्तक आहे का असं त्यांनी विचारलं नाही.

एकविसाव्या दिवशी दुपारी फोन आला. "आजी, सातवा झाला माझा," आरोही म्हणाली. "मी शेवट वाचून दाखवते. मम्मीनं सांगितलं, वाच म्हणून."

"वाच."

पोरगी वाचायला लागली. तांब्याच्या किल्ल्याचा शेवटचा दरवाजा, त्यामागं दुसरा दरवाजा, तरंगिणीच्या हातातली विझत चाललेली मशाल. एकोणीस वर्षं रंभाबाई या पानांची वाट बघत होत्या. फोन त्यांनी कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. पण तरंगिणी काय म्हणाली, पहारेकरी काय म्हणाला, यातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्या शब्द ऐकतच नव्हत्या. दोन वाक्यांच्या मधे पोरगी श्वास घ्यायची, तेवढाच त्या ऐकत होत्या. लांब वाक्य आलं की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. स्वल्पविराम आला की त्या थांबायच्या. कुठं तरी बारीक शिट्टी येईल, कुठं तरी उबळ येईल, म्हणून त्या पान न् पान वाट बघत राहिल्या.

आली नाही. एकदाही नाही. पोरीनं अकरा पानं एका दमात वाचली.

"संपलं," आरोही म्हणाली. "कसा वाटला शेवट?"

"ग्वाड हाय," रंभाबाई म्हणाल्या.

"मग तू कधी येणार?"

पडवीच्या खांबाला हिंदुरावांनी बहिणीची रिकामी पिशवी टांगून ठेवली होती, कधी परत जायचं झालं तर हाताशी असावी म्हणून. रंभाबाईंनी ती बघितली.

"पुन्यांदा वाच," त्या म्हणाल्या. "पैल्या पानापास्नं. मी ऐकते."